खापर आईवर का?

‘कुपोषणाचं मूळ आईच्या अज्ञानात आहे’ हे कुपोषणावरच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. मी बीड जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. लेकराला घट्ट वरण, अंडं, शेंगदाणे द्यावेत हे आमच्या गावातल्या आयांना चांगलं ठाऊक आहे. पण दिवाळी झाली की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली जोडपी ऊसतोडीसाठी साखर कारखान्याची वाट धरतात आणि तान्ही मुलंही कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, जातात. आई अंधारातच उसाच्या फडात उतरते. लेकरू बांधावर, सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हवाली. ती बिचारी शिळी भाकरी चहात कुस्करून भरवते. दुसरं काय देणार?

जाताना दंडाचा घेर मोजायच्या पट्टीवर हिरव्यात, म्हणजे ठीक, असलेलं मूल उन्हाळ्यात परत येतं तेव्हा कधी कधी लाल पट्ट्यात, म्हणजे ११.५ सेंटिमीटरच्या आत, तीव्र कुपोषित सापडतं. गोवराची लसही मधेच राहून गेलेली असते. अशा मुलांवर उपचार करणाऱ्या पोषण पुनर्वसन केंद्रात लेकराला घेऊन १४ दिवस राहा म्हटलं, की आई विचारते, "ताई, घरच्या दोघांना कोण बघंल?" बुडीत मजुरीचे थोडे पैसे मिळतात हे मी सांगते, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं. आयांना आणखी प्रशिक्षण द्या, असं लेखक सुचवतात. त्याआधी कारखान्यांनी फडाजवळ पाळणाघर काढावं आणि आईबाप तोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहं वेळेवर सुरू व्हावीत, म्हणजे निदान त्या थोरल्या बहिणीची शाळा तरी सुटणार नाही.