हिशोब बरोबर आहे काका, पण विकतंय कोण आणि माल कोणाचा?

काका, तुमची कॉमेंट मोठी होती, म्हणून बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की वंशावळीच्या ज्या साइटवर मी आणि नवऱ्याकडची मंडळी वर्षानुवर्षं पैसे भरतोय तिने फी परत वाढवली, आणि त्याच काळात मदतीचा फोन बंद झाला, सर्च निम्म्या वेळा एरर देतो, फोटो उघडायला चहा करून यावा इतका वेळ. त्यावर तुम्ही बँकेतल्या माणसाच्या शिस्तीत हिशोब मांडलात की दिवसाला अर्धा कप चहाचे पैसे होतात, पौंडात कमावणाऱ्यांनी एवढ्यासाठी रडू नये, सर्व्हर काय हवेवर चालतात का, नाशिकला वंशावळीच्या वह्या ठेवणाऱ्या उपाध्यांना दक्षिणा देताच ना, आणि नसेल परवडत तर सोडा.

सर्व्हरला पैसे लागतात यावर माझं भांडण नाहीच हो. इंग्लंड-वेल्सची १९२१ ची जनगणना शंभर वर्षं कुलुपात होती, जानेवारी २०२२ मध्ये फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या साइटने ती ऑनलाइन आणली तेव्हा मूळ पानाच्या एका फोटोला साडेतीन पौंड घेत होते आणि इथे ब्रिटनमध्ये लोक जाम चिडले होते. मी नव्हते चिडले. तीसेक हजार बाडं, एकेक कागद सरळ करून स्कॅन करायचा, ती अक्षरं लावून टाइप करायची, हे कोणी हौसेखातर करत नाही. त्यात १९३१ ची जनगणना आगीत गेली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, म्हणजे पुढची आता १९५१ ची, ती उघडायला २०५२ उजाडणार. असल्या कागदाचे पैसे मी दिले आणि परत देईन.

पण मी जिच्याबद्दल लिहिलं त्या साइटकडे विकायला आहे काय? थोडी सरकारी रेकॉर्ड्स, जी दुसरीकडेही मिळतात. खरा माल म्हणजे मेंबरांनी रात्री जागून भरलेल्या वंशावळी. एक उदाहरण देते. नवऱ्याची पणजी लँकेशायरमध्ये ओल्डहॅमच्या सूतगिरणीत होती. तिच्या आईचं जन्मवर्ष कुठेच सापडेना म्हणून मी अंदाजाने एक वर्ष टाकलं आणि पुढे नीट लिहिलं की 'बहुधा'. मग काही महिन्यांनी साइटचा ईमेल, 'तुमच्या कुटुंबाबद्दल नवी माहिती मिळाली!', नाव अर्धं धूसर केलेलं, बघायचं असेल तर वरचा प्लॅन घ्या. घेतला. आत काय, तर कोणीतरी माझ्याच वंशावळीच्या झाडावरून तेच वर्ष उचललं होतं, फक्त 'बहुधा' गळलं होतं. म्हणजे माझाच अंदाज मला परत पैसे घेऊन विकला, वर खात्रीची माहिती म्हणून! तुमच्या बँकेत चाललं असतं का हे?

आणि 'सोडा' म्हणणं सोपं आहे, करून बघा. कॅन्सल शोधायला तीन मेनू उघडावे लागतात, ते दाबलं की अचानक 'थांबा, तुमच्यासाठी निम्मी किंमत'. मग जो गप्प बसून दरवर्षी भरत आला त्याच्याकडून पूर्ण का घेतली? जुन्या मेंबरांचा खरा राग या गोष्टीवर आहे, चार पौंडांवर नाही. त्यातून निघालातच तर जेडकॉम फाइल मिळते, म्हणजे आपली वंशावळ दुसऱ्या साइटवर न्यायची फाइल. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्च या ख्रिस्ती पंथाने १९८४ मध्ये काढलेला फॉरमॅट आहे, सगळीकडे चालतो, त्यात नावं, तारखा, नाती व्यवस्थित येतात पण फोटो बहुतेक ठिकाणी मागेच राहतात. कॅनडातल्या एका लांबच्या आजींनी पणजीच्या फोटोची मागची बाजू पण स्कॅन करून टाकली होती, पेन्सिलीने सगळ्या बायकांची नावं लिहिलेली, डावीकडून उजवीकडे. ते फाइलमध्ये येत नाही. आजींचे मेसेजही येत नाहीत आणि वर्गणी संपली की त्यांना उत्तरही देता येत नाही. त्या नव्वदीच्या आहेत, त्यांना मी आता कुठे शोधू?

उपाध्यांचं तुम्ही काढलंत ते बरं केलंत. आमच्या घरचे त्र्यंबकला जातात, तिथे गाव आणि आडनाव सांगितलं की वही निघते, आजोबांच्या हातची नोंद दिसते, खाली आपण आपली लिहायची, दक्षिणा ऐपतीप्रमाणे. गेल्या वर्षी दक्षिणा दिली नाही म्हणून आजोबांचं पान कोणी धूसर करून दाखवत नाही. आणि गंमत बघा, हरिद्वारच्या पंड्यांच्या असल्याच वह्या मायक्रोफिल्मवर घेतल्या त्या अमेरिकेतल्या यूटाच्या लोकांनी, तेच मॉर्मन चर्चवाले, ज्यांची फॅमिलीसर्च साइट फुकट आहे. आता त्यांचा हेतू धार्मिक आहे, पूर्वजांसाठी त्यांना विधी करायचे असतात, ते ज्याला पटत नाही त्याला नाही पटत. पण सर्व्हर त्यांचेही हवेवर चालत नाहीत.

धंदा म्हणाल तर तोही बघा. जीन्स रीयुनायटेड ही वंशावळीची साइट ज्या फ्रेंड्स रीयुनायटेड (जुने शाळासोबती शोधायची साइट) ग्रुपमध्ये होती तो आयटीव्ही या टीव्ही कंपनीने २००५ मध्ये १२ कोटी पौंडांना घेतला आणि २००९ मध्ये अडीच कोटींना विकून टाकला. अँसेस्ट्री ही वंशावळीची मोठी साइट २०२० मध्ये ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने ४.७ अब्ज डॉलरला घेतली. या सौद्यांत लोकांनी भरलेली झाडं पण मालकाबरोबर गेली, पण मेंबराला कोणी विचारलं नाही. मालक बदलला की नवा मालक आधी किंमत वसूल करणार, साहजिक आहे. फक्त मग आम्ही ओरडलो तर त्याला रडणं म्हणू नका.

तुम्ही शेवटी 'मग पर्याय सांगा, नुसती तक्रार काय कामाची' असं लिहिलंय, ते योग्य आहे. जन्म-लग्न-मृत्यूच्या इंग्लंडमधल्या नोंदींची सूची फ्रीबीएमडी या साइटवर आहे, १९९८ पासून स्वयंसेवक टाइप करतायत, पैसा घेत नाहीत. ब्रिटिश भारतातल्या गोऱ्या कुटुंबांसाठी फिबिस (फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी) या संस्थेचा डेटाबेस आहे, त्यात शोधणंही फुकट. इथल्या बऱ्याच पब्लिक लायब्ररीत अँसेस्ट्री तिथल्या कॉम्प्युटरवर बसून फुकट बघता येते, हे तर इथे राहणाऱ्या आपल्या लोकांनाही माहीत नसतं. ज्यांना त्या साइटवरून निघायचंय त्यांनी रिन्यूअलच्या महिनाभर आधी ऑटो-पे बंद करा, जेडकॉम काढा, फोटो एकेक करून वेगळे उतरवा, आणि मेसेजबॉक्स चालू आहे तोवर तिथल्या नातेवाइकांचे ईमेल पत्ते मागून घ्या. मी सध्या तेच करतेय. आजींना परवा मेसेज टाकलाय.