पैलवान उसना, पराभव नगद

अभिनंदन! तुमच्या कुस्ती कंपनीने अखेर दुसऱ्या कंपनीशी हातमिळवणी केली म्हणे. दोन्ही मालकांचा हसरा फोटो झाला, मागे दोन लोगो शेजारी शेजारी लागले, पत्रकात ‘ऐतिहासिक’ हा शब्द दोनदा येऊन गेला. आता त्यांचे पैलवान तुमच्याकडे येणार, तुमचे त्यांच्याकडे जाणार, आणि चाहते वर्षानुवर्षं ज्या लढतींवरून वाद घालत बसले होते त्या लढती प्रत्यक्ष होणार. उत्तम. एवढीच एक किरकोळ बाब ठरवायची राहिली आहे: हरणार कोण?

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? प्रोफेशनल रेसलिंगचा निकाल आधीच ठरलेला असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कागदावरच्या पराभवाची कसली लाज? इतका भोळेपणा घेऊन या धंद्यात उतरला असाल, तर निदान घर तरी दुसऱ्या कुणाच्या नावावर करून ठेवा. खऱ्या कुस्तीत हरलेल्याला ‘समोरचा भारी होता’ म्हणून सुटता येतं. इथे तुमचा पैलवान हरतो तो तुमच्या संमतीने. ‘होय, आमचा माणूस यांच्यापुढे कमी आहे’ असं तुम्ही स्वतः लिहून देता आणि वर तिकीट लावून ते दाखवता. झोंबणारच.

तेव्हा पहिल्या बैठकीला जाताना वही घेऊन जा. 2023 चा हिशेब गिरवण्यासारखा आहे. एईडब्ल्यू या अमेरिकी कंपनीच्या केनी ओमेगाने 4 जानेवारीला टोकियो डोममध्ये न्यू जपान या जपानी कंपनीच्या विल ऑस्प्रेला हरवलं. जूनमध्ये ऑस्प्रेने ओमेगाला त्याच्याच देशात, टोरंटोत हरवलं. त्याच रात्री तिथेच एईडब्ल्यूच्या ब्रायन डॅनियलसनने न्यू जपानच्या काझुचिका ओकाडाला शरण आणलं, आणि पुढच्या 4 जानेवारीला ओकाडाने टोकियो डोममध्ये ती उधारी वसूल केली. चार लढती, दोन्हीकडे दोन-दोन. सोसायटीच्या ऑडिटरलाही बोट ठेवायला जागा सापडणार नाही. (टोरंटोच्या त्या लढतीत डॅनियलसनचा हात खराखुरा मोडला. तो कुणाच्याच खात्यावर मांडत नाहीत.)

पण हे मोठ्या नावांचे चोचले. तुमच्याकडे एवढी नावं नसतील तर सहा जणांची टॅग लढत लावा, म्हणजे तिघं विरुद्ध तिघं, टाळी देऊन आळीपाळीने रिंगमध्ये उतरणारे. दोन्ही बाजूंना दोन-दोन मोठी नावं, आणि सोबत एकेक असा मुलगा, ज्याची पाठ टेकली तरी कुणाचं काही बिघडत नाही. मोठी नावं रिंगच्या मधोमध नाकाला नाक भिडवून उभी राहतील, एकमेकांच्या छातीवर चार सणसणीत चापट्या ओढतील, प्रेक्षक खुर्च्यांवर चढतील. मग कुणीतरी टॅग देईल, आणि रेफरीच्या तीन थापा पडतील त्या सोबतच्या एखाद्या मुलाच्या नावावर. लढत संपल्यावर मोठी नावं एकमेकांवर बोट रोखत उलट्या पावली मागे सरकतात. मुलगा तळाच्या दोरीखालून घरंगळत बाहेर पडतो, मान चोळत, एकटा. कॅमेरा तिकडे वळत नाही. असा मुलगा पदरी नसेल तर पत्रक काढण्याआधी आधी तो भरती करा. तुमच्या भागीदारीचा सगळा भार त्याच्याच पाठीवर आहे.

याहून सोपा उपाय म्हणजे निवृत्तीला टेकलेला थोर पैलवान. त्याला हरायचं वावडं नसतं, उलट हौस असते. डब्ल्यूडब्ल्यूईने 1 जानेवारी 2023 ला आपला शिन्सुके नाकामुरा नोआह या जपानी कंपनीला उसना दिला, बुदोकानमध्ये ग्रेट मुताशी लढायला. मुता निरोपाच्या वाटेवर होता, त्यामुळे पाहुणा जिंकला आणि कुणाच्या कपाळाला आठीही पडली नाही. पुढच्याच महिन्यात टोकियो डोममधल्या निरोपाच्या रात्री हाच माणूस न्यू जपानच्या नाइतोकडून हरला आणि लगोलग जुना मित्र चोनो याच्याकडूनही हरला. एका रात्रीत दोन पराभव, तेही हसतमुखाने! असे चार-सहा म्हातारे हाताशी असते तर या धंद्यात भांडणंच राहिली नसती.

आता बेल्टचं. भागीदाराच्या गावात तुमचा चॅम्पियन हरायची वेळ आली, तर घाबरू नका. हरू द्या. घरी परतलात की तसं काही घडलंच नाही असं सांगायचं. यात थोर पूर्वसूरींचा आधार आहे. 30 नोव्हेंबर 1979 ला जपानमधल्या तोकुशिमा इथे न्यू जपानच्या अंतोनियो इनोकीने डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या) बॉब बॅकलंडला हरवून बेल्ट घेतला. हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. कंपनीची अधिकृत यादी मात्र आजही सांगते की बॅकलंड 1978 पासून 1983 पर्यंत सलग चॅम्पियन होता. मधला जपानचा प्रवास बहुधा देवदर्शनासाठी झाला असावा.

सरळ नाकारणं तुमच्या स्वभावात बसत नसेल, तर नियमाचं पुस्तक काढा. मार्च 1991 मध्ये टोकियो डोमला डब्ल्यूसीडब्ल्यू (एनडब्ल्यूए या संघटनेतली अमेरिकी कंपनी) आणि न्यू जपानचा संयुक्त शो झाला. न्यू जपानच्या तात्सुमी फुजिनामीने डब्ल्यूसीडब्ल्यूचा चॅम्पियन रिक फ्लेअर याला पिन केलं, म्हणजे तीन थापा पडेपर्यंत त्याची पाठ टेकवून धरली, जपानी प्रेक्षकांनी छत डोक्यावर घेतलं, नव्या चॅम्पियनच्या कमरेला बेल्ट लागला. अमेरिकेत पोचेपर्यंत कुणाला तरी आठवलं, की फुजिनामीने फ्लेअरला वरच्या दोरीवरून बाहेर फेकलं होतं, आणि आमच्या नियमात ते बसत नाही! मग तोडगा निघाला तो असा: जपानच्या हिशेबाने फुजिनामी एनडब्ल्यूए चॅम्पियन, आमच्या हिशेबाने फ्लेअर डब्ल्यूसीडब्ल्यू चॅम्पियन. एक लढत, एक पिन, विजेते दोन. मे महिन्यात फ्लोरिडात पुन्हा लढत लावली आणि फ्लेअरने घोळ निस्तरला. निस्तरण्याची तिकिटं वेगळी विकली, हे ओघानं आलंच. मला विचाराल तर अख्ख्या इतिहासातला हा सर्वांत देखणा करार. दोघेही घरी जाऊन ‘आम्ही जिंकलो’ म्हणाले आणि दोघेही खरं बोलले.

अनामत रक्कम मात्र घेऊ नका. जुन्या एनडब्ल्यूएत, म्हणजे 1948 साली वेगवेगळ्या इलाख्यांतल्या प्रमोटरांनी मिळून उभारलेल्या संघटनेत, ती पद्धत होती. चॅम्पियन एकच, तो गावोगाव फिरून प्रत्येक मालकाच्या पैलवानाला ‘थोडक्यात वाचला’ असं लढून दाखवायचा. बेल्ट घेऊन पळू नये म्हणून त्याच्याकडून 25,000 डॉलर ठेवून घेत. 1991 च्या उन्हाळ्यात डब्ल्यूसीडब्ल्यूने फ्लेअरला काढलं आणि ते पैसे परत करायचे राहून गेले. फ्लेअरने शांतपणे बेल्ट ठेवून घेतला आणि थेट प्रतिस्पर्ध्याच्या टीव्हीवर नेऊन मिरवला. प्रकरण वकिलांकडे गेलं. मग डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कार्यक्रमात ‘खरा जागतिक विजेता’ म्हणवणारा माणूस खांद्यावर दुसराच बेल्ट टाकून बोलायचा, आणि पडद्यावर त्या बेल्टच्या जागी नुसते धुरकट चौकोन थरथरत असायचे.

अनामत नको, विश्वास ठेवतो म्हणता? तोही ठेवून झाला आहे. ऑगस्ट 1994 मध्ये एनडब्ल्यूएने आपल्या रिकाम्या जागतिक पदासाठी स्पर्धा भरवली ती फिलाडेल्फियात, ईसीडब्ल्यू या लहानशा सभासद कंपनीच्या आखाड्यात. त्यांचाच शेन डग्लस जिंकला. त्याने बेल्ट हातात घेतला, जुन्या विजेत्यांची नावं भक्तिभावाने घेतली, आणि पुढच्या क्षणाला तो जमिनीवर आपटून ईसीडब्ल्यूचा स्वतःचा बेल्ट हाच जागतिक बेल्ट असं जाहीर केलं. यजमानाला आधीपासून सगळं ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते पाहुण्यालाच. भागीदाराचा हॉल फुकट मिळतोय म्हणून हुरळून जाण्याआधी हा व्हिडिओ एकदा बघा.

पोरगा शिकायला पाठवायचा असेल, किंवा कुणी तुमच्याकडे पाठवला असेल, तर आणखी सोपं आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे सूत्र धरून चाला. न्यू जपानने 2010 मध्ये एक उंच, देखणा, पंचविशीही न गाठलेला पोरगा टीएनए या कंपनीकडे अमेरिकेत पाठवला. टीएनएने त्याला बसवून ठेवला, मग 2011 मध्ये डोळ्यांवर काळा मुखवटा चढवून समोआ जोचा हरकाम्या केला आणि नाव ठेवलं ‘ओकाटो’, जुन्या ‘ग्रीन हॉर्नेट’मधल्या काटो नावाच्या मदतनिसावरून. जपानी आहे ना, मग बसतंय. जपानमध्ये हे बघून जो संताप झाला त्यातून दोन कंपन्यांचे संबंध पार विटले. जानेवारी 2012 मध्ये पोरगा परत आला, आणि 12 फेब्रुवारीला ओसाकात, वयाच्या 24 व्या वर्षी, हिरोशी तानाहाशीला हरवून न्यू जपानचा सर्वोच्च चॅम्पियन झाला. पुढे तब्बल दशकभर त्याच्याच नावावर हॉल भरले. वर हिशेबात आलेला ओकाडा तो हाच. तेव्हा कुणी पाठवलेल्या पोराचं काय करावं समजत नसेल, तर मुखवटा आहेच.

समोरची कंपनी तुमच्याहून कैक पटींनी मोठी असेल, तर वही घरी ठेवली तरी चालेल. जानेवारी 2025 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई आणि टीएनए यांनी अनेक वर्षांचा करार जाहीर केला. एप्रिलमध्ये रेसलमेनियात, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या शोमध्ये, केविन ओवेन्सच्या दुखापतीमुळे रिकामा पडलेल्या रँडी ऑर्टनसमोर टीएनएचा जागतिक विजेता जो हेंड्री उभा राहिला. केवढा मान! काही मिनिटांत आरकेओ (ऑर्टनचा ठेवणीतला डाव), तीन थापा, खेळ खलास. आणि घंटा वाजल्यानंतर आणखी एक आरकेओ, आठवण म्हणून. मे महिन्यात ट्रिक विल्यम्सने हेंड्रीकडून टीएनएचा जागतिक बेल्टच घेतला. विल्यम्स एनएक्सटीचा, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई जिथे पोरं घडवते त्या विभागाचा. तुमचा सर्वोच्च मान त्यांच्या शाळेत फिरून ऑक्टोबरमध्ये घरी परतला. यावर कुरकुर करायची नाही. त्या एका रात्री तुमच्या कंपनीचं नाव जेवढ्या कानांवर पडलं असेल, तेवढे कान तुम्हाला स्वतःच्या बळावर कधी मिळणार होते? (हे मी उपरोधाने म्हणत नाही. हीच तर खरी पंचाईत आहे.)

पैलवान उसना जातो तेव्हा त्याला हसून निरोप द्या आणि त्याच्या कपाटातलं सामान आवरून ठेवा. जॉर्डिन ग्रेस जानेवारी 2024 मध्ये टीएनएची चॅम्पियन म्हणून डब्ल्यूडब्ल्यूईच्या रॉयल रंबलमध्ये पाहुणी आली होती. वर्षभरात ती डब्ल्यूडब्ल्यूईच्या पगारावर होती. ऑस्प्रे आणि ओकाडा एईडब्ल्यूत पाहुणे म्हणून आले, आता तिथलेच आहेत. एईडब्ल्यू आणि न्यू जपान 2022 पासून ‘फॉरबिडन डोअर’ नावाचा वार्षिक शो करतात. ते निषिद्ध दार दरवर्षी ठरल्या तारखेला उघडतं, तिकिटं आगाऊ मिळतात, आणि आत आलेल्यांपैकी कोण परत गेलं नाही याची मोजदाद कार्यक्रम संपल्यावर होते. पहिल्या खेपेला, शिकागोत, खुद्द एईडब्ल्यू चॅम्पियन सीएम पंकचा पाय मोडलेला होता, डॅनियलसन आणि ओमेगाही नव्हते, म्हणून एईडब्ल्यूचा मॉक्सली आणि न्यू जपानचा तानाहाशी हंगामी जागतिक पदासाठी लढले. स्वप्नातल्या लढती जाहीर करताना पोस्टरवरची नावं पेन्सिलीने लिहावीत, ही सूचना जाता जाता देऊन ठेवतो.

वाटाघाटींचा कंटाळाच आला तर मेक्सिकोचा मार्ग आहे. तिथे सीएमएलएल ही 1933 पासूनची कंपनी, आणि तिच्यातून 1992 मध्ये फुटून निघालेली एएए. जुनीने एईडब्ल्यूशी सूत जमवलं. इतकं, की पुढे जून 2025 मध्ये एईडब्ल्यूने थेट अरेना मेक्सिकोत, म्हणजे जुनीच्या घरच्या आखाड्यात, शो केला. म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईने कुणाकडे जायचं ते आपोआप ठरलं. फक्त डब्ल्यूडब्ल्यूईने पैलवान उसने मागितले नाहीत. एप्रिल 2025 मध्ये एएए ही कंपनीच विकत घेत असल्याचं जाहीर करून टाकलं. आता दोघांत कोण हरणार यावर वाद होण्याचं कारणच उरलं नाही.

राहता राहिलं भागीदारी मोडणं. ती कधीही जाहीर करायची नसते. वेबसाइटवरून एक लोगो निघतो, समालोचक एक नाव घ्यायचे थांबतात, ‘वेळापत्रक जुळत नाही’ असं कुणीतरी मुलाखतीत सांगतं, झालं. तेवढं करण्याआधी एकच पाहा: तुमचा कुणी चॅम्पियन त्या घडीला तिकडे तर नाही ना? असेल तर काहीतरी निमित्त काढून त्याला तातडीने बोलावून घ्या, बेल्टसकट. बेल्ट आधी आला आणि मुलगा मागाहून आला, तरी चालेल.