म्हणे वर्षातले १५० दिवसच राबायचे!

परवा भाच्याने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला: मध्ययुगात इंग्लंडमधला शेतकरी वर्षाला फक्त १५० दिवस काम करायचा, बाकी चर्चचे सण आणि सुट्ट्या, वर नाताळात बारा दिवस जमीनदाराकडे फुकट जेवण. खाली मावशी, काका सगळ्यांचे अंगठे. मला गप्प बसवेना.

आधी तो १५० चा आकडा. ग्रेगरी क्लार्क या आर्थिक इतिहासकाराने १९८६ मधे एका अप्रकाशित पेपरात तसा अंदाज बांधला होता, ज्युलिएट शोर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी तो आपल्या पुस्तकात घेतला आणि तिथून तो जगभर गेला. पण क्लार्कनेच नंतर तो सोडला, आता तो २५० ते ३०० दिवस म्हणतो! हे एवढं जरी शोधलं असतं तरी पुढचं काही लिहावं लागलं नसतं.

पण ते फुकट जेवण वाचून खरंच संताप आला. अरे, नाताळला कुळांनीच जमीनदाराकडे कोंबड्या पोचवायच्या आणि ईस्टरला अंडी, हा ठरलेला खंड होता, काही जहागिरींवर तर जेवायला येताना सरपण आणि ताट-पेलासुद्धा घरून आणायचा. आणि हीच माणसं एरवी आठवड्यातले दोन-तीन दिवस त्याच्या शेतावर वेठीने राबायची, सुगीत स्वतःचं पीक उभं असताना आधी त्याचं कापून द्यायचं. याला फुकट म्हणायचं?

आणि सुट्टी म्हणजे आराम हे कोणी सांगितलं? सणाच्या दिवशीही गाईचं दूध काढायचं, चारापाणी करायचं. बायकांचं पाणी भरणं, रांधणं, सूत कातणं तर त्या १५० मधे कोणी धरलेलंच नाही.

सण भरपूर होते हे मात्र मान्य, रविवार सोडून चाळीस-पन्नास तरी, आणि नाताळचे बारा दिवसही खरे, कारण ऐन हिवाळ्यात शेतात कामच कमी. पण ६ जानेवारी उलटली की पुढच्या सोमवारी 'प्लाऊ मंडे', म्हणजे नांगर बाहेर. २९ सप्टेंबरचा मायकलमस हा तर सणही आणि खंड भरायचा दिवसही.

भाच्याला ऑफिसात सुट्ट्या मिळत नाहीत हे मला माहितीये आणि ते चूकच आहे, त्यासाठी तो भांडला तर मी त्याच्या बाजूने आहे. पण १३१५ च्या दुष्काळात ज्यांची पोरंबाळं उपाशी मेली त्यांना सुखी ठरवून नको. तो मेसेज डिलीट कर रे.