तीन एकराची मोटारसायकल

रुपयात सांगितलेली किंमत अण्णांच्या डोक्यात शिरत नाही. शिरते, पण पटत नाही. म्हणून आमच्या घरी मोबाईल साडेतीन क्विंटलचा असतो, बहिणीचं शिलाई मशीन दोन क्विंटलचं. मला मोटारसायकल हवी होती; साधी घेतली तरी पासिंग-इन्शुरन्स धरून ती लाखाच्या घरात जात होती, म्हणजे २५ क्विंटल सोयाबीन. २०२४ सालची गोष्ट. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, ओलावा मोजायचं यंत्र बाहेर निघालं की तो पेपरातच राहायचा. हातात चार हजाराच्या आसपास पडायचे.

"तीन एकर रान बुडाखाली घेऊन फिरणारंय हे," अण्णा आईला म्हणाले. मी समोरच बसलो होतो.

तसा गाडीसाठी अण्णांकडं मी अर्ज सोळाव्या वर्षीच केला होता. त्या वयात कायद्यानं बिनगियरची, ५० सीसीपर्यंतची गाडी चालवता येते. शोरूमला विचारलं तर पेट्रोलवरची तसली नवी गाडी नव्हतीच. म्हणजे कायद्याला चालेल ती दुकानात नाही, आणि दुकानात आहे ती कायद्याला चालत नाही. आजोबांची लुना कडब्याच्या गंजीमागं होती, पण तिच्यावर कोंबडी बसत होती. अंड्यावर. शेवटी चुलत्याची गाडी घेऊन मी वेशीपर्यंत एक चक्कर मारली. संध्याकाळी अण्णांनी चष्मा लावून मोबाईलवर आलेलं २०१९ च्या सुधारणेचं कलम मोठ्यानं वाचलं: पोरानं गाडी चालवली तर पालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद.

"मी तीन वर्षं आत. सोयाबीन कोण काढीन, तू?"

अठरा पूर्ण झाली, लर्निंग निघालं, महिन्याभरानं पक्कं लायसन आलं आणि आम्ही परभणीला निघालो. जगात जर्मनी, भारतात परभणी. तेव्हा गाडी घ्यायची तर तिथंच. अण्णा, मी, मामा आणि आजी. आजी कशाला, असं मी विचारलं होतं. "मागं मलाच बसायचंय की," ती म्हणाली. याला उत्तर नव्हतं.

मी थेट २०० सीसीच्या नारंगी गाडीवर जाऊन बसलो. पाय टेकले नाहीत. बोटं टेकली, तीही एकाच बाजूची. सेल्समन म्हणाला, "होईल सवय." अण्णा म्हणाले, "उंच व्हायची?"

आजीनं त्या गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्याच्यावर बाईमाणूस कुठं बसतं?" मागची सीट तळहाताएवढी, तीही आभाळाकडं तोंड करून. साडी गार्ड काढून टाकायचं माझ्या मनात होतं, कारण त्या जाळीनं भारीतली भारी गाडीसुद्धा बाजाराला निघाल्यासारखी दिसते. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम आजीच्याच बाजूचा निघाला: मागच्याला हातानं धरायला काहीतरी, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निदान अर्धं झाकणारा आडोसा पाहिजेच. आजी शाळेत गेलेली नाही. तिनं हे तिन्ही मुद्दे न वाचता मांडले.

मामा संभाजीनगरजवळच्या वाळूजला कामाला. बजाजचा कारखाना तिथं १९८५ पासून आहे, त्यामुळं त्या कंपनीची प्रत्येक गाडी तो भाचीसारखी बघतो. "आपल्या मातीतली गाडी सोडून कामून दुसरीकडं जायलाव?"

मातीचा विषय निघाला आणि अण्णा खरे बोलायला लागले. आमचं रान काळं. पावसाळ्यात ही माती चाक आणि मडगार्डच्या मधे घुसते, पिठाच्या गोळ्यासारखी घट्ट बसते, आणि चाक फिरायचंच बंद होतं. मग काडी शोधायची, माती कोरायची, दहा पावलं जायचं, पुन्हा काडी. आमच्या गावात एकानं चाकाला चिकटून मडगार्ड असलेली देखणी गाडी आणली होती. आषाढात ती दोघांनी खांद्यावर धरून पांदीतून आणली. तिला वरात म्हणत लोक अजून हसतात. तेव्हा अण्णांची पारख एकच. त्यांनी मडगार्डखाली चार बोटं घातली आणि प्रत्येक गाडीचं अंतर मोजलं. सेल्समन पिकअप सांगत होता, हे बोटं मोजत होते.

ब्रेकचं मात्र त्यांना आवडलं. १२५ सीसीपर्यंतच्या गाडीला एक ब्रेक दाबला की दुसऱ्या चाकालाही थोडा लागतो, असं सेल्समननं समजावलं. "म्हंजी बैलजोडी," अण्णा म्हणाले. "एक थांबला की दुसरा थांबतो."

दसऱ्याला स्प्लेंडर आली. ९७.२ सीसी, वजन ११२ किलो, दोन्ही पाय पूर्ण टेकतात. काळी. निदान रंग तरी माझा, असं म्हणणार होतो, पण चिखल दिसत नाही म्हणून तोही अण्णांनीच निवडला होता. मामा पेढा न खाता वाळूजला गेला. आजीनं चाकाखाली लिंबू ठेवलं, हँडलला आपट्याची पानं बांधली आणि पहिली बसली. मारुतीच्या देवळापर्यंत वीसच्या स्पीडनं गेलो. "पळवू नगंस," तरी ती म्हणतच होती.

चावी खुंटीवर, अण्णांच्या टोपीखाली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या हातात आली, सोबत सुतळी आणि सरकीच्या ढेपीच्या दोन पोत्यांचा निरोप. मानवतहून येताना हॉटेलसमोर वर्गातली पोरं उभी होती. हेल्मेट, गॉगल, हातमोजे, सगळं मी घातलेलं, मागं ढेप. हसतील म्हणून वेग वाढवला, पण एकानं हात करून थांबवलंच.

"किती देती रे?"

"पासष्ट," मी म्हणालो. गाडीत अजून अण्णांनी टाकलेलं शंभराचंच पेट्रोल होतं.