सुधाकर नुसता दारुडा नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप असा: राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकातला वकील सुधाकर शोकनायक ठरत नाही, क्षुल्लक कारणावरून बाटली धरणारा तो दुबळा माणूस आहे आणि शोकांतिका असलीच तर ती त्याच्या बायकोची, सिंधूची. आक्षेप जुना आहे, वजनदारही आहे. तरी मला पटत नाही, कारण तुम्ही दारू हाच त्याचा दोष धरलात.

गडकऱ्यांनी दोष आधी दाखवलाय, दारू नंतर. कोर्टात मुनसफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी खटका उडतो, वकिलीची सनद काही काळापुरती रद्द होते. दुसरा वकील चार दिवस चरफडून गप्प बसला असता. सुधाकर स्वतःच्या हुशारीवर वर आलेला. त्याला अपमान पचतच नाही. त्याचा कारकून तळीराम नेमका तेव्हा प्याला पुढे करतो. पुढे घर खंगतं, पण सुधाकर सासरची मदत नाकारतो आणि माहेरचा पैसा घ्यायचा नाही म्हणून सिंधूलाही बांधून घेतो. तिच्या हाती दळणाचं जातं येतं ते या ताठ्यामुळे. मग तो दारू सोडतो, हे विसरू नका. सोडून काम मागायला निघतो, जुने ओळखीचे लोक त्याला झिडकारतात आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. पहिल्या वेळी जिथे घाव बसला होता, तिथेच हा दुसरा बसतो.

तळीरामाकडे बघा ना. तोही दारूनेच मरतो, पण त्याच्या मरणाला कुणी शोकांतिका म्हणत नाही. त्याला पडायला उंचीच नाही, आणि आपण काय गमावतोय याची टोचणीही नाही. सुधाकरला ती शेवटपर्यंत आहे. त्याच्या हातून मूल मरतं, सिंधू मरणाच्या दारात असते आणि फौजदारासमोर ती नवऱ्यावरचा आळ स्वतःच पुसते. त्या जबानीने तो कायद्यातून सुटतो, स्वतःच्या नजरेतून मात्र सुटत नाही. म्हणून शेवटचा विषाचा प्याला ही पळवाट वाटत नाही. आयुष्यात प्रथमच तो स्वतःला दोषी ठरवून शिक्षा देतो.

एक गोष्ट तुमची खरी. शेवटच्या अंकात मरणांची इतकी दाटी होते की प्रेक्षक हुंदक्यात अडकतो, आणि सुधाकरचा मित्र रामलाल याची लांब भाषणं नाटकाला दारूबंदीच्या व्याख्यानाकडे ओढतात. सिंधूचं पारडं जड होण्याला रंगभूमीचा इतिहासही कारण आहे. गडकरी जानेवारी 1919मध्ये गेले. फेब्रुवारीत गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला पहिला प्रयोग केला. सिंधू बालगंधर्व, सुधाकर गणपतराव बोडस. ‘कशि या त्यजू पदाला’सारखी गाजलेली पदं सिंधूच्या वाट्याची, लोकांच्या कानात तीच राहिली.

आज प्रयोग फसतो तो बहुधा काटछाटीत. पाच अंक दोन-अडीच तासांत बसवताना विनोद म्हणून तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाचे, म्हणजे दारुड्यांच्या मंडळाचे प्रवेश ठेवतात आणि सुधाकरची कामासाठीची वणवण उडवतात. तो दुवा तुटला की सुधारलेला माणूस का घसरला हे कळत नाही, आणि तुम्हाला दिसला तसा दुबळा दारुडाच उरतो. कात्री लावायचीच तर रामलालच्या भाषणांना आणि मंडळाच्या गमतींना लावा. दुसरी चूक नटाची: पहिल्या प्याल्यापासूनच जीभ जड, पाय लटपटते. त्या प्रवेशात सुधाकर शुद्धीवर आहे, संतापलेला आहे. उच्चार वकिलाचेच, स्वच्छ हवेत. झोक पुढे, हळूहळू जावा. आणि दारू सोडल्यानंतरच्या प्रवेशात तो पूर्ण ताठ उभा दिसला पाहिजे. किती उंचीवरून तो पुन्हा कोसळतो, हे प्रेक्षकाला तिथेच मोजता येतं.