ऑलिव्ह तेलाचं मूळ गाव कसं काढावं

आपल्यात नवीन कोणी भेटला की आधी आडनाव आणि लगेच "मूळचे कुठले तुम्ही?" हे विचारल्याशिवाय चहा पुढे सरकत नाही, आणि आम्ही बडोद्याची मराठी माणसं तर यात जरा जास्तच तयार, कारण चार पिढ्या दांडिया बाजारात काढूनही गाव विचारलं की आम्ही रत्नागिरीकडचं सांगतो, जिथे आता आमच्या नावाची एक पायरीसुद्धा उरलेली नाही. मग साडेबाराशे मोजून आणलेल्या ऑलिव्ह तेलाला हा प्रश्न का विचारू नये? जरूर विचारा. मी तेलं तपासणाऱ्या एका लॅबमध्ये बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे फुकटचा सल्ला द्यायचा हक्क मला आहेच.

सगळ्यात आधी बाटली समोरून बघा. टेकडी, दगडी घर, इटालियन आडनाव. बास, इथेच थांबा, बाटली उलटी फिरवू नका. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात "युरोपियन युनियनमधल्या आणि युनियनबाहेरच्या ऑलिव्ह तेलांचं मिश्रण" असं काहीतरी सापडायची भीती असते. 2009 पासून युरोपात व्हर्जिन (म्हणजे रिफायनरीत न जाता नुसतं फळांतून काढलेलं) आणि एक्स्ट्रा व्हर्जिन (त्यातलं सगळ्यात वरच्या दर्जाचं) तेलावर मूळ कुठलं ते लिहायची सक्ती झाली, आणि ती अशीही पाळता येते. युनियनमधलं आणि बाहेरचं, म्हणजे मंगळ तेवढा वगळला. स्थळाच्या चिठ्ठीत "मुलगा भारतात किंवा परदेशात असतो" लिहावं तसं. आणि यात बेकायदा काहीच नाही बरं का, स्पेन, ग्रीस, ट्युनिशियाची तेलं टँकरने येतात, एकत्र होतात, वर टेकडीचं चित्र लागतं.

फिरवलीच असेल तर मग लॅब रिपोर्ट मागा. रिपोर्ट म्हणजे तेलाची पत्रिका, आणि पत्रिकेसारखाच तो नेहमी जुळतो. पहिला गुण ॲसिडिटीचा, पोटातल्या नव्हे, तेलात सुट्या झालेल्या फॅटी ॲसिडच्या प्रमाणाचा. एक्स्ट्रा व्हर्जिनला ती 0.8 टक्क्याच्या आत हवी. काम सोपं आहे, दहाएक ग्रॅम तेल अल्कोहोल-ईथरमध्ये विरघळवायचं, फिनॉल्फथॅलिनचे थेंब टाकायचे आणि बुरेटमधून पोटॅश सोडत राहायचं, शेवटी शेवटी तर अर्धा थेंब फ्लास्कच्या काचेला टेकवून घ्यायचा, आणि मग एकदम तो फिकट गुलाबी येतो आणि काही सेकंद टिकतो, की झालं. आता समजा तुमच्याकडे 1.2 चं उतरलेलं तेल पडून आहे आणि शेजाऱ्याकडे 0.3 चं चांगलं आहे. निम्मं निम्मं करा. 0.75! गुलाबी रंग तितकाच सुंदर येतो. आणि एवढाही त्रास नको असेल तर सरळ रिफाइंड घ्या, त्याला मर्यादाच 0.3 ची, कारण रिफायनरीत ॲसिड धुऊनच टाकतात. म्हणजे नुसता ॲसिडिटीचा आकडा बघून तेल निवडणाऱ्याला सगळ्यात "शुद्ध" तेल मिळतं ते, ज्याच्यात ऑलिव्हचा वास, कडूपणा, रंग काहीच उरलेलं नाही. निवड अशीच करत जा.

पुढचा गुण तेल ज्यांचं बनतं त्या सगळ्या फॅटी ॲसिडचा. गॅस क्रोमॅटोग्राफ हे घटक वेगळे करून मोजणारं मशीन, त्याच्या आलेखावर एकेका ॲसिडचं शिखर उठतं, ओलेइकचं सगळ्यात उंच. स्पेनच्या हाएनकडच्या पिकुआल जातीत ओलेइक 80 टक्क्यांच्या आसपास असतं, ट्युनिशियाच्या शेमलालीत ते 60 च्या आत-बाहेर आणि पामिटिक जास्त. दोन्ही अस्सल, दोन्ही ऑलिव्ह. समसमान मिसळली की 70 येतं, आणि युरोपातली मर्यादा आहे 55 ते 85, म्हणजे 70 हा तर आदर्श जावई, मधोमध उभा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आता या 70 वरून सांगा बघू, दोन देशांचं मिश्रण आहे की तिसऱ्याच कुठल्या शेतातलं एकटं तेल आहे? नुसत्या त्या एका आकड्यावरून मलाही नाही सांगता येणार. हे मी लॅबमध्ये असताना एका पार्टीला सांगितलं होतं तर ते म्हणाले, साहेब तुम्ही फक्त "मर्यादेत आहे" एवढंच लिहा.

आमच्या सिंगतेलात, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलात, कपासिया, म्हणजे सरकीचं तेल, मिसळलंय का बघायचं तर हाल्फेन टेस्ट होती, गंधक घालून गरम करायचं, लाल झालं की पकडला, निदान शिकाऊ भेसळवाला तरी सापडायचा. चोर परक्या जातीचा असला की काम सोपं. इथे चोर घरातलाच, ऑलिव्हमध्ये ऑलिव्ह.

त्यातली खरी गंमत स्टेरॉलची, म्हणजे तेलात अगदी थोडे असणाऱ्या काही घटकांची. त्यातलं कॅम्पेस्टेरॉल एकूण स्टेरॉलच्या 4 टक्क्यांच्या वर गेलं की सूर्यफूल नाहीतर सोयाबीनचा संशय घ्यायचा असा नियम, भूमध्य समुद्राकाठची झाडं समोर ठेवून केलेला. मग ऑस्ट्रेलियात बार्नेआ जातीची झाडं लावली, आणि त्या बिचाऱ्या सरळ, एकाच शेतातल्या, कशातही न मिसळलेल्या तेलात कॅम्पेस्टेरॉल कधी कधी 4 च्या वर निघायला लागलं. नापास! यावर उपाय? कमी कॅम्पेस्टेरॉलचं दुसरं तेल त्यात मिसळा. पास! म्हणजे प्रामाणिक राहून नापास व्हायचं की मिसळून पास व्हायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं, आम्हा बडोदेकरांना ही निवड नवीन नाही, आम्ही घरात मराठी बोलून वरणात गूळ घालतो.

तरीही मूळ गाव हवंच असेल तर आयसोटोप, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू, बघा. पाऊस, तापमान, समुद्र किती लांब, यावर झाडाच्या पाण्यातला जड ऑक्सिजन आणि जड हायड्रोजन बदलतो, तो तेलात उतरतो, आणि एकाच बागेचं तेल असेल तर त्यावरून प्रदेश बऱ्यापैकी हेरता येतो. मिसळलं की इथेही सरासरी. ग्रीस आणि स्पेनच्या मधोमध नकाशावर बोट ठेवा, बोट ओलं होतं. ह्या हिशोबाने माझे वडील रत्नागिरीकडचे आणि आई ग्वाल्हेरची, म्हणजे मी बऱ्हाणपूरच्या आसपासचा निघतो. तिथे आमचं कोणी नाही. एकदा स्टेशनवर केळी घेतली होती, तेवढंच.

मशीनवर विश्वास नसेल तर जीभ आहे. हे मात्र खरंच नीट करतात, 8 ते 12 प्रशिक्षित माणसं, निळा ग्लास म्हणजे रंग बघून कोणी भुलायला नको, तेल 28 अंशाला कोमट केलेलं, आणि खवट, कुबट, आंबूस असा दोष पॅनेलला जाणवला तर बाकीचे सगळे आकडे पास असले तरी एक्स्ट्रा व्हर्जिन नाही म्हणजे नाही. ते वरचं 0.75 वालं इथे अडकायची शक्यता बरीच. म्हणून तुम्ही चव घेऊच नका.

आमच्या आत्यानं घेतली. भाच्याने दुबईहून चांगलं, हिरवट, ताज्या हंगामाचं तेल आणलं होतं, तिने सवयीप्रमाणे दोन थेंब तळहातावर घेतले, चोळले, वास घेतला, सिंगतेलाचा 15 किलोचा डबा ती असाच पारखते, आणि मग चमचाभर तोंडात टाकलं आणि अशी खोकली की शेजारचे जयेशभाई पाणी घेऊन आले. घशाला झोंबणं ही ताज्या तेलातल्या ओलिओकँथल नावाच्या घटकाची खूण, चांगलं तेल असंच झोंबतं, हे मी तिला तीनदा सांगितलं. ती म्हणाली, "खवट आहे रे, फसवलं पोराला." ती बाटली जयेशभाईंच्या गळ्यात घातली आणि स्वतःसाठी मॉलमधून "लाइट" लिहिलेलं आणवलं, वास नाही, कडू नाही, घसा शाबूत. मी हौसेने दोन्हीचं टायट्रेशन केलं, तीच वरची ॲसिडिटीची गुलाबी तपासणी. भाच्याचं 0.5, आत्याचं 0.2. आकडे कागदावर लिहून मीच तिला दिले, आणि आता तो कागद फ्रिजवर लावलाय, शेजारी मेथीचे गोटे तळणं चालू आहे.