सुशेगाद म्हणजे आळशी? नाही हो!

तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की सुशेगाद हे आळशीपणाला दिलेलं गोड नाव आहे, गोव्यात भर दुपारी दुकानं बंद असतात आणि मी त्याचंच कौतुक करत बसलोय, शिवाय मराठीत निवांत असताना हा उसना शब्द कशाला?

मूळ पोर्तुगीज शब्द सोसेगादु, म्हणजे शांत, स्वस्थ. शांत गावाला, दंगा न करणाऱ्या मुलालाही तिकडे असंच म्हणतात, त्यात आळस कुठे आला? तो अर्थ टुरिझमने चिकटवला असं माझं स्पष्ट मत आहे, बीचवर आडवा पडलेला माणूस, हातात बिअर आणि खाली सुशेगाद, आणि तो माणूस असतो सुट्टीवर आलेला टूरिस्ट!

गोंयकार, म्हणजे गोव्याचा माणूस, बघायचा तर पोदेर, म्हणजे पाववाला, बघा ना. रात्रीच भट्टी पेटते, उजाडता उजाडता सायकलला पावाची टोपली बांधून पों पों करत दारोदार, संध्याकाळी परत तीच फेरी. रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, सूर (माडी) काढायला सकाळ-संध्याकाळ माडावर चढतो आणि दुपारी पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, तासायला अजून एकदा, कमरेला काती (कोयती), माडाला पाडलेल्या खाचांत पाय रोवून, पावसात खोड निसरडं झालं तरी. असं राबणारा माणूस शीत-कडी (भात-आमटी) जेवून तासभर पडला तर बिघडलं कुठे? मडगावात माझ्या मावशीच्या घरचं कापडाचं दुकान आहे, एकला शटर खाली, चारला वर, मग रात्री आठपर्यंत उभंच राहायचं. तुम्ही तीनला गेलात म्हणून बंद दिसलं.

आता निवांत. मला तरी वाटतं निवांत आपण काम संपल्यावर होतो, सुशेगाद माणूस काम चालू असतानाही असतो. चतुर्थीच्या गर्दीत काउंटरवर माणसावर माणूस, तरी आमचे मावसे प्रत्येकाला घरच्यांची खबर विचारत तितक्याच शांतपणे कापड मापून देतात, कुणावर ओरडणं नाही की काही नाही, आणि हिशोबही चुकत नाही. आणि उसना म्हणाल तर पाव, बटाटा, चावी, बादली, इस्त्री हेसुद्धा पोर्तुगीजच, तेही परत करायचे का? गोव्यात १९६१ पर्यंत साडेचारशे वर्षं ती भाषा होती, शब्द तिथल्या कोंकणीत कधीच मुरलाय.

एका बाबतीत मात्र तुमचा राग शंभर टक्के पटतो, सुशेगाद लाईफच्या नावाखाली फ्लॅट विकायचे आणि त्यासाठी डोंगर कापायचे, शेतं बुजवायची. त्यावर तुम्ही सविस्तर लिहा, मी इथे नक्की शेअर करीन.